साडेअठ्ठावीस इंच

टेबल आधी केलं आणि मुलं नंतर आली,
ही माझी पहिली चूक.
आयटीआयमध्ये तेहतीस वर्षं मी
एकाच उंचीवर कानस चालवायला शिकवलं :
उभ्या माणसाच्या कोपराएवढ्या.
माणूस उभाच असणार, हे
मला कुणी विचारलं नव्हतं, मीही कुणाला.

वेंगुर्ल्याच्या बंदरामागे, बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यात
होड्यांची इंजिनं येतात आता. आणि पाच मुलं.
पहिल्या दिवशी भार्गव कुबलनं चाकाची खुर्ची पुढे घेतली,
टेबलाची कड त्याच्या छातीला, खालची फळी गुडघ्यांना.
म्हणाला, "मास्तर, ह्यां तुमचां टेबल
माझ्यापेक्षा आखडलेलां आसा."

दुपारी करवत काढली.
साडेअठ्ठावीस इंच.
भिंतीवर खडूनं लिहिलं, खाली त्याचं नाव.

एस्टेलाचं चौतीस. ती उभी राहते,
तिचा डावा हात जन्मापासून झोपलेला.
धरायचं काम शेगडा करतो,
पण शेगड्याचा दांडा कमरेनं ढकलायची युक्ती तिची,
माझ्या तेहतीस वर्षांत ती कुठल्याच पुस्तकात नव्हती.

सुरुवातीला मी नट धरून द्यायचो.
"वायच गप रवा," एस्टेला म्हणाली, वर न बघता.
तेव्हापासून हात पाठीमागे बांधून उभा असतो.
दहा मिनिटं लागणाऱ्या नटाकडे
दहा मिनिटं बघत राहायचं,
एवढं जड काम मी आजवर केलेलं नाही.

भार्गवची आई उंबऱ्यावर बसून असायची,
डब्याचं झाकणसुद्धा तीच उघडायची.
एकदा तिला मुद्दाम बाजारात पाठवलं, कोथिंबिरीला.
जुडी घेऊन आली तर हा
इंजेक्टर खोलून बसलेला, गालभर डिझेल.
ती पदर घेऊन पुढे झाली,
आणि थांबली.
तिचंही शिकणं चालू आहे.

राऊळांचा यशोधन मात्र सुटला हातातून.
होडावड्याच्या एसटीची पहिली पायरी मी मोजून आलो होतो,
सतरा इंच. दोन कुबड्या आणि मागून ओरडणारी माणसं.
तिला कुठून करवत लावू?
भिंतीवर त्याचं नाव आहे, आकडा आहे,
टेबलावर एस्टेला पुसते तेवढ्यापुरती धूळ नसते.

मार्चात गिरप शेट आले, मनानं चांगला माणूस.
भार्गवला म्हणाले, "नुसतो येवन बस रे,
म्हयन्याक कायतरी दितंय."
"बसाचे नको, शेट. बसूक माझ्याकडे खुर्ची आसा.
एका इंजिनाचे कितके, ता सांगा."
मी खिडकीबाहेर बघितलं. शेटही तिकडेच बघत होते.

मग प्रश्न आला धक्क्याचा.
ओहोटीला होडी पुरुषभर खाली असते.
"चार जण उचलतील," शेट म्हणाले.
"माका उचलूचा नाय."
आणि त्यानं वही काढली. पानंच्या पानं आकडे,
तिथी, भरतीची वेळ, होडी किती वर येते.
महिनाभर तो गुपचूप धक्क्यावर जाऊन
समुद्र मोजत होता, माझ्याच पट्टीनं.
पुनवेला, अवसेला, बाराच्या सुमाराला
होडीची कड धक्क्याच्या कडेशी लागते.
फळी टाकली की झालं.
अष्टमी-नवमीला तो कारखान्यात काम करील,
असंही खाली लिहिलेलं, पगारासकट.

आज चैत्राची पुनव.
फळी दोन खलाशांनी धरली, मी नाही.
चाकं एकदा अडकली, कुणी हात लावला नाही,
त्यानं खुर्ची मागे घेतली, पुन्हा आला,
आणि उतरला इंजिनापाशी.

दीड तास. मग पाणी फिरणार.
वर मी घड्याळ बघतोय,
खालून तेलकट हात बाहेर येतो :
"मास्तर, चौदाचो पानो."
मी देतो.
"ह्यो नाय. चौदाचो."